आधी एक पाटी बसवा
मोबाइलवर टिपलेल्या गल्लीतल्या भिंतीवर खोटी पाटी लावायची, एवढंच पाच सेकंदांचं दृश्य. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशेबानं सव्वाशे चित्रं. ब्लेंडरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये विटांचे कोपरे, खिळे असे ठळक ठिपके पकडले की ट्रॅकिंग कॅमेऱ्याची हालचाल शोधून काढतं. मधून सायकल गेली की मात्र ठिपके सुटतात, पाटी भिंतीवरून घसरते. शिवाय पाटी सायकलस्वाराच्या मागे दिसावी म्हणून त्याची कड फ्रेमगणिक हातानं कापत बसायचं. हे किचकट काम मला फार मोलाचं वाटतं. पुढे पाटीवरचा काळा रंग दृश्यातल्या सावल्यांपेक्षा गडद राहिला, कॅमेऱ्याच्या चित्रात दिसणारे बारीक कण तिच्यावर उमटले नाहीत, तर डोळा फसत नाही. कंपोझिटिंग, म्हणजे खऱ्या दृश्यात खोट्या गोष्टी बेमालूम मिसळणं, शिकणाऱ्यांनो, स्फोट आणि ड्रॅगन नंतर करा. आधी अशी एक पाटी चोख बसवा.