शंका घ्या, पण नेमकी

‘चर्चची मदत म्हणजे धर्मांतराचा गळ’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. घरून पळून मुंबईत उतरलेल्या पोराला आधी जेवण हवे असते आणि मार न खाता झोपायला जागा. जेझुइट पाद्र्यांचे ‘स्नेहसदन’ १९६२पासून तेच करते. मुलांना वसतिगृहात कोंबत नाही, छोट्या घरांत ठेवते. शिवाय बालन्याय कायद्याप्रमाणे सापडलेले मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. परस्पर ठेवून घेता येत नाही.

प्रश्न विचारायचाच तर चर्चच्या नामांकित शाळांना विचारा. २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना, शेजारच्या गरीब मुलांसाठी जागा राखायला लावणाऱ्या शिक्षणहक्क कायद्यातून सूट मिळाली. पण शेजारच्या झोपडपट्टीतली मुले आपणहून घ्यायला त्यांना कोणी अडवले आहे?

— एक वाचक, वसई