उद्घाटन सोहळ्यातील स्वयंसेवक : स्वेच्छा आणि वेठ

27 जुलै 2012 रोजी लंडन येथे झालेला ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा ज्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिला असेल, त्यांना हिरव्या कुरणातून एकाएकी वर आलेली ती उंच धुरांडी निश्चित आठवत असतील. प्रेक्षकांसमोर प्रथम इंग्लंडचे एक खेडे होते. पाहता पाहता शेकडो माणसांनी हिरवळीचे तुकडे उचलून नेले आणि त्या जागी औद्योगिक क्रांतीचे कारखाने उभे राहिले. त्या प्रवेशाला साथ होती सुमारे हजार तालवादकांची. त्यांतील अनेकांच्या हाती खरे ढोल नव्हते; बादल्या आणि कचऱ्याचे डबे होते. त्यांच्या अग्रभागी एव्हलिन ग्लेनी होत्या. बालपणीच श्रवणशक्ती जवळजवळ गमावलेल्या या वादक शरीराला जाणवणाऱ्या कंपनांतून ताल ओळखतात.

दिग्दर्शक डॅनी बॉईल यांच्या या सोहळ्यात सुमारे साडेसात हजार स्वयंसेवक होते. आरोग्यसेवेच्या प्रवेशात नाचणाऱ्यांत शेकडो जण प्रत्यक्ष सरकारी आरोग्यसेवेतील कर्मचारी होते. या मंडळींनी अर्ज केले, निवडचाचणी दिली आणि छातीवर क्रमांक लावून पूर्व लंडनमधील डॅगनहॅम येथे, एका जुन्या मोटार कारखान्याच्या उघड्या आवारात, पावसात भिजत तालीम केली. मोबदला काही नाही. सोहळ्यातील आश्चर्ये फोडू नका, एवढी विनंती त्यांना करण्यात आली होती. अखेरच्या रंगीत तालमी हजारो प्रेक्षकांसमोर झाल्या, तरी मुख्य गुपिते बव्हंशी राखली गेली. आपल्याकडे स्नेहसंमेलनातील नाटकाचा शेवट आदल्या रात्री भोजनगृहात सर्वांना ठाऊक झालेला असतो, हे स्मरून मला त्या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते!

विनामूल्य राबणे म्हणजे पिळवणूक, असे सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जो मनुष्य रुग्णालयातील पाळी संपवून, दोन गाड्या बदलून तालमीला जातो, त्याला तेथे काहीतरी मिळत असते. पैशाच्या हिशेबात न बसणारी ती प्राप्ती आहे. तथापि लंडनमध्येच वादकांच्या संघटनेने तक्रार केली होती की, ज्यांची उपजीविका वादनावर आहे अशांनाही फुकट वाजविण्यास सांगितले जाते. 2024 साली पॅरिसच्या सोहळ्यापूर्वी नर्तकांच्या संघटनेने मानधनातील विषमतेवरून संपाची नोटीस दिली. सोहळा अगदी तोंडावर असताना तडजोड झाली आणि संप मागे घेतला गेला. या दोन्ही प्रसंगी कलावंतांना ‘नाही’ म्हणता आले, ही बाब मला मोलाची वाटते. ज्याला नकार देता येतो, त्याच्याच होकाराला स्वेच्छा म्हणता येते. दानाचेही तसेच आहे. जे आपले नाही, ते देता येत नाही.

आता आपल्या अंगणाकडे वळतो. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या उद्घाटनात सांगलीकडील सुमारे चारशे लेझीमपटूंनी लेझीम सादर केली होती. तेव्हापासून, किंवा त्याही आधीपासून, आपल्याकडे कोणत्याही मोठ्या क्रीडासोहळ्याला लेझीम लागते. लेझमीला मुले लागतात. आणि मुले हवी असली की आयोजकांना प्रथम निवासी शाळा आठवते.

याचे कारण उघड आहे. दिवसशाळेतील मुलाच्या घरी चिठ्ठी पाठवावी लागते. पालक वेळ विचारतात, जेवणाचे विचारतात. वसतिगृहातील मूल पहाटे पाचला एका शिटीवर रांगेत उभे असते. त्याचे आईवडील ऊसतोडीवर किंवा वीटभट्टीवर दूर असतात. एक पत्र येते, “दीडशे विद्यार्थी पाठवावेत”, आणि दीडशे विद्यार्थी जातात. अहवालात त्यांचा उल्लेख मात्र ‘स्वयंसेवक’ असा होतो.

मी स्वतः असा एक स्वयंसेवक होतो. इयत्ता आठवीत असताना एका मोठ्या स्पर्धेच्या उद्घाटनासाठी आमची निवड झाली, म्हणजे वर्गाच्या हजेरीपटावरून नावे उतरवून घेण्यात आली. पंधरा दिवस दुपारचे तास बुडाले. सोहळ्याच्या दिवशी सकाळी नऊपासून आम्ही मैदानाबाहेर उन्हात बसून होतो; प्रमुख पाहुणे साडेचारला आले. आमच्या रांगेतील एक मुलगा चक्कर येऊन पडला. त्याला सावलीत नेले, त्याच्या जागी दुसरा उभा केला आणि रांग भरली. सात मिनिटांचा कार्यक्रम झाल्यावर लेझमी मोजून परत घेतल्या व आम्हाला ट्रकमध्ये बसविले. त्या स्पर्धेतील एकही सामना आम्ही पाहिला नाही.

तरीही खोटे कशाला बोलू? त्या सात मिनिटांत दीडशे लेझमींचा एक आवाज निघाला, तेव्हा अंगावर जो काटा आला तो अजून विसरलेलो नाही. आपण कुणाच्या तरी हिशेबात आहोत, असे त्या दिवशी प्रथम वाटले. म्हणूनच मुलांना अशा सोहळ्यांना पाठवूच नये, या आमच्या काही सहकाऱ्यांच्या मताशी माझे जुळत नाही. तो आनंद मुलांचा हक्क आहे. परंतु ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी गावाची वेठ केली, त्यांच्या नातवंडांना न विचारता रांगेत उभे करणाऱ्याने थोडा विचार केला पाहिजे. मग तो परका अधिकारी असो वा आपलाच शिक्षक.

2008 च्या बीजिंग सोहळ्यात छपाईच्या खिळ्यांसारखे शेकडो ठोकळे लाटांप्रमाणे वरखाली होत होते. ही यंत्राची करामत असावी, असेच पाहणाऱ्याला वाटे. अखेरीस ठोकळ्यांची झाकणे उघडली आणि आतून 897 माणसे हात हलवीत बाहेर आली. तोवर ती कुणालाही दिसली नव्हती.

संस्थेच्या कार्यकारिणीपुढे मी गेल्या वर्षी चार गोष्टी मांडल्या. नावे हजेरीपटावरून उतरवू नयेत. कागद फलकावर लावावा व ज्याला जायचे त्याने स्वतः सही करावी. पालकांना दूरध्वनीवरून कळवावे. पाणी, जेवण व सावलीची लेखी हमी आयोजकांकडून घ्यावी. आणि सोहळ्यानंतर मुलांना किमान एक दिवस सामने पाहू द्यावेत. पहिल्या मुद्द्यावर बराच वाद झाला. असे केले तर दीडशे सह्या होणारच नाहीत, असे ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे पडले.

यंदा डिसेंबरात कागद फलकावर लागला. चौथ्या दिवशी मोजल्या तेव्हा सह्या एकशे बारा होत्या. आयोजकांना आम्ही तोच आकडा कळविला.