चर्चमध्ये बसल्याने कोणी बाटत नाही!

गारगोटीहून आम्ही काही कार्यकर्ते कोल्हापुरातल्या एका चर्चच्या रविवारच्या उपासनेला बसलो. लगेच प्रश्न आला, "बाबासाहेबांचा मार्ग सोडलात का?"

मित्रहो, बाटण्याची भाषा मनुस्मृतीची. ती आपण १९२७ साली महाडला जाळली. दुसऱ्याच्या प्रार्थनेला शांतपणे बसू नका, असे २२ प्रतिज्ञांत कुठे आहे? आम्ही प्रभुभोजन घेतले नाही, कुणी आग्रहही केला नाही. ना. वा. टिळकांची मराठी गीते ऐकली. बाकांवरची आडनावे मात्र आपल्याच वस्त्यांतली निघाली.

धर्म बदलला, पण गावाने त्यांची जात सोडली का? सरकारने मात्र सवलती सोडवल्या! १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आले, १९९० साली आपण. ख्रिस्ती दलित आजही बाहेर. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढा म्हटले. अट तशीच आहे.

"आपला वाटा घटेल" म्हणणाऱ्यांनी आठवावे, धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या दारात आपणही ३४ वर्षे उभे होतो. वाटा वाढवून मागा, भावंडांना ढकलू नका.

चर्चमध्येही जात शिरते, हे बाबासाहेबांनीच ठणकावून सांगितले. जरूर टीका करा. पण आधी शेजारी बसा, विचारपूस करा आणि त्यांच्या मागणीच्या निवेदनावर पहिली सही आपली करा.

जय भीम!