अंगणातली गाडी



गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात आमच्या टेबलावर दोन अर्ज आले. दोन्हींचा विषय एकच, नववीतला एक विद्यार्थी आणि त्याच्या अंगणात उभी राहत असलेली गाडी. एका अर्जात म्हटले होते की हे "भंगाराचे खेळ" शाळेने ताबडतोब बंद करवावेत, कारण त्यामुळे इतर मुलांचेही लक्ष अभ्यासावरून उडाले आहे. दुसऱ्यात विनंती होती की त्याच गाडीला इंजिन बसवून, गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत ती त्या मुलानेच चालवत न्यावी, म्हणजे शाळेचे नाव होईल. आम्ही दोन्ही अर्ज नामंजूर केले आहेत. का केले, ते सांगण्यासाठी हा लेख.

गाडी कोणती, हे आधी सांगतो. १९५८ साली आलेल्या 'चलती का नाम गाडी' या चित्रपटातली. तीन भावांचे गॅरेज आणि त्यांची ती जुनाट, उघड्या टपाची मोटार आजी-आजोबांच्या पिढीला सांगायला नको. अशोककुमार, अनूपकुमार आणि किशोरकुमार हे पडद्यावरचे तिघे भाऊ प्रत्यक्षातही भाऊच होते, आणि त्यांचे घर आपल्या मध्य प्रदेशातल्या खंडव्याचे. मुलाच्या आजोबांना हा चित्रपट फार प्रिय. देखाव्याला या वर्षी काय करावे, अशी घरात चर्चा चालू असताना ते सहज बोलून गेले आणि नातवाने ते मनावर घेतले. वडिलांचा जाळ्या-फाटके बनवण्याचा व्यवसाय असल्याने वेल्डिंग मशीन घरीच होते.

ही मंडळी खेळण्यातली गाडी करत नाहीत, पूर्ण मापाची करत आहेत. आणि मापे आणायची कोठून, येथेच आम्हाला या प्रकरणात रस उत्पन्न झाला. ती मोटार १९२८ ची शेवरोले म्हणून ओळखली जाते. त्या वर्षीच्या शेवरोलेच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर १०७ इंच होते. एवढे एकच माप त्यांच्या हाती लागले. मुलाने चित्रपट थांबवून गाडी बाजूने दिसते असे एक दृश्य छापून आणले. त्यावर हेच अंतर २१.४ सेंटिमीटर भरले. म्हणजे चित्रातला एक सेंटिमीटर बरोबर प्रत्यक्षातले पाच इंच. चित्रात दरवाजा पाच सेंटिमीटर, तर तो पत्र्यात पंचवीस इंच. ज्या त्रैराशिकाचे दहापैकी चार गुण या मुलाला तिमाहीत मिळाले होते, तेच हे त्रैराशिक!

पहिल्या प्रयत्नात त्यांची फजिती झाली, तीही सांगण्यासारखी आहे. बॉनेटचे माप त्यांनी गाडी तिरकी दिसते अशा दृश्यावरून घेतले. पुठ्ठ्याचा साचा करून उभा केला तर बॉनेट वीतभर आखूड आणि गाडी नकट्या माणसासारखी दिसू लागली. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान, आणि तिरक्या कोनात लांबी दबते हे चित्रकलेच्या तासाला आपण वर्षानुवर्षे शिकवतो. त्या मुलाला ते पुठ्ठा फुकट गेल्यावर कळले. पण कळले ते पक्के. पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करायचा हा वडिलांचा आग्रह होता, म्हणून नुकसान शे-दोनशे रुपयांवर निभावले.

आम्ही स्वतः एका रविवारी जाऊन पाहून आलो. चौकोनी पाइपची चौकट तयार आहे, एका बाजूचे मडगार्ड चढले आहे. वडील जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्डिंगच्या जागी आधी घासून घेत होते. विचारले तेव्हा म्हणाले, "सर, तसाच जोडला तर धुराने संध्याकाळी ताप भरतो." रसायनशास्त्राचे आमचे शिक्षक सोबत होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वर्गात हा विषय घेतला.

आता पहिल्या अर्जाबद्दल. त्यात एक वाक्य असे होते की, आपल्या मुलांनी ही लोहाराची कामे करायची काय? हे वाक्य वाचून आम्हाला वाईट वाटले, आणि लाजही वाटली, कारण जुलैत ग्रीसचे काळे हात घेऊन आलेल्या याच मुलाला आम्ही सर्वांसमोर बोललो होतो. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, तेथले दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातून छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये, आणि सुरू करायची ती दुचाकीसारखी किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची वाखाणणी केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती जीप घेऊन त्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो दिली. तेव्हा हीच बातमी आपल्यापैकी अनेकांनी कौतुकाने एकमेकांना पाठवली होती. सांगलीतले कौतुक बालाघाटात आल्यावर खेळ कसा होतो?

दुसरा अर्ज अधिक गोड होता, म्हणून अधिक घातक. महिंद्रांनी त्या जीपचे कौतुक करतानाच हेही म्हटले होते की, ती नियमांत बसत नसल्याने स्थानिक अधिकारी आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवतीलच. बातमी पाठवताना हा भाग गळाला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड, आणि मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना नाही. शिवाय विसर्जनाच्या गर्दीत, ढोल-ताशात, लहान मुले पायात येत असताना, घरी बसवलेल्या ब्रेकच्या भरवशावर पंधरा वर्षांच्या मुलाला सोडायचे! शाळेचे नाव होईल खरे, पण कसे, याचा विचार अर्जदारांनी करावा.

मुंबईच्या कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांचे नाव मुलांना ठाऊक असेल. २०१६ च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते सहा आसनी विमान लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी झाली २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये आणि धुळ्याला चाचणी उड्डाण झाले २०२० मध्ये. बांधण्याइतकाच धीर कागदपत्रांसाठी लागला. गच्चीवरून थेट आकाशात कोणी जात नाही.

तेव्हा ठरले ते असे. गाडी मिरवणुकीत येईल, पण इंजिनाशिवाय. दोन्ही बाजूंनी दोर लावून वरच्या वर्गातली मुले ती ओढतील, आणि ते शोभेलही, कारण पडद्यावरची ती गाडीसुद्धा धक्क्याचीच. ग्राइंडर व वेल्डिंगला मुलगा वडिलांच्या देखरेखीशिवाय आणि चष्म्याशिवाय हात लावणार नाही, असे दोघांनी लिहून दिले आहे. सहामाहीत गणिताचे गुण वाढले नाहीत तर काय करायचे, ते आम्ही आणि तो मुलगा पाहून घेऊ.

विश्वस्तांना आमची एक विनंती आहे. सायकल स्टँडमागची खोली मोडकी बाके ठेवण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाची राहिलेली नाही. तेथे दोन शिकंजे, एक भक्कम टेबल आणि शनिवारी दोन तास शिकवणारा एक कारागीर एवढे झाले तर ज्यांच्या घरी कारखाना नाही अशा मुलांनाही हे करता येईल. कारागिराला मानधन द्यावे. त्याला 'सर' म्हणावे. बैठकीत या विषयाला विरोध होणार हे आम्ही जाणतो. तो समोर व्हावा, मागून नको.

आमचे शिक्षण हिंदीतून झाल्याने या मजकुरात मराठीच्या चुका राहिल्या असतील. त्या आमच्या पदरात घालाव्यात, मुलाच्या नव्हे.

गाडीच्या रंगाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. चित्रपट काळा-पांढरा. आजोबा म्हणतात गाडी लालच असणार, आजी म्हणतात हिरवी. आणि जुन्या जीपची तीन चाके मिळाली आहेत, चौथे हवे आहे. कोणाच्या परसात पडले असेल तर कार्यालयात कळवावे.