गिरणीच्या जागेवरील घर

मुंबईच्या लालबाग-परळ भागांत पूर्वीं गिरणीच्या भोंग्यावर घरोघरचीं घड्याळें लावलीं जात. आतां तेथें चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती उठल्या आहेत, आणि आमच्या मिठबावसारख्या गांवांतील कुटुंबांसही तेथें सदनिका घेण्याचे मनोरथ सुचूं लागले आहेत. आमच्या पुतण्याचें असेंच पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्याचे वडील, म्हणजे आमचे कैलासवासी थोरले बंधु, ज्या गिरणींत कारकून होते तिच्याच जागेवर ही इमारत होत आहे. पैका उभारण्यासाठीं येथील हापुसच्या बागेंतला हिस्सा विकावा, असा त्याचा बेत. हा प्रश्न कोंकणांतील पुष्कळ घरांत आज ना उद्यां निघणार, म्हणून त्याची चर्चा येथें अप्रस्तुत होणार नाहीं.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. ती १८५६ सालीं ताडदेवास सुरू झाली. तेव्हांपासून शंभर वर्षांहून अधिक काळ कोंकणानें गिरण्यांस माणसें पुरविलीं. गांवाच्या नांवानें एक खोली, तींत पाळीपाळीनें निजणारे गडी आणि जेवावयास खाणावळ, असा तो संसार. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले; तो संप रीतसर कधीं मिटलाच नाहीं. पुढें १९९१ च्या नियमान्वयें गिरण्यांच्या जमिनीचे तीन भाग ठरले : एक मोकळ्या जागेसाठीं महापालिकेस, एक घरांसाठीं म्हाडास, एक मालकास. २००१ सालीं नियम बदलून ही वांटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरतीच उरली, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तें ग्राह्य धरलें. ज्यांनीं गिरण्या चालविल्या त्यांच्या वांट्यास सोडतीची चिठ्ठी आली.

पत्र वाचून दाखविलें तेव्हां वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ज्या फाटकापुढें ते सहा महिने हेलपाटे घालीत होते, त्याच फाटकांतून मी गृहप्रवेश करूं?" यावर उत्तर सोपें नाहीं. परंतु तो मुलगा बदलापुराहून रोज गाडीला लोंबकळत परळच्या कचेरींत जातो, आणि त्याच्या मुलांस बाप दिसतो तो रविवारीं. जमिनीनें कोणाचा अपराध केलेला नाहीं. सदनिका घेऊं नये असें आम्ही म्हणणार नाहीं. कशी घ्यावी एवढेंच सांगूं.

वास्तुशांतीचा मुहूर्त आम्हांस विचारणारे पुष्कळ. भोगवटा प्रमाणपत्र मिळालें कीं नाहीं, हें पाहणारा विरळा. तें नसेल तर मुहूर्त अमृतसिद्धियोगाचा असूनही व्यर्थ. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वयें प्रकल्पाची नोंद महारेराकडे असली पाहिजे, आणि नोंदलेला करार होण्यापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याचा विकासकास अधिकार नाहीं. बोलणें करावें तें चटईक्षेत्रावर. शब्द मोठा समर्पक : चटई अंथरतां येईल तेवढी भूमि आपली. गंमत अशी कीं, सज्जांत चटई अंथरतां येत असूनही कायदा ती जागा यांत धरीत नाहीं, आणि आंतल्या भिंतींवर ती अंथरतां येत नसूनही त्या मात्र धरतो! उंच इमारतीच्या देखभालीचा मासिक आकारही आधींच विचारावा. कर्ज फिटतें, तो फिटत नाहीं.

बागेविषयीं मात्र आमचें मत कठोर आहे. पुतण्या लिहितो, "काका, आत्याकडून हक्कसोड लिहून घ्या, ती कांहीं नाहीं म्हणणार नाहीं." ती नाहीं म्हणणार नाहीं, म्हणूनच तिला तसें विचारूं नये. २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे; पण कायदा नसता तरी, दरसाल कणकवलीहून येऊन आंब्याच्या पेट्या भरूं लागणारी बहीण बागेची धनीण नव्हे, असें कोण म्हणेल? शिवाय बंधूंच्या हिश्शांतही पुतण्या एकटा वारस नाहीं. वहिनींची सही हवीच. सातबाऱ्यावरचें नांव समूळ गेलें तर पुढें महाराष्ट्रांत शेतजमीन घेतांना शेतकरी असल्याचा पुरावा कोठून आणणार, हेंही त्याच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं.

त्यास आम्हीं असें कळविलें आहे कीं, आधीं मोजणी व्हावी, बहिणीच्या हिश्शाचीं कलमें तिच्या नांवें लागावीं. मग त्यानें आपल्या वांट्यांतलीं वरच्या कातळालगतचीं विकावीं, विहिरीजवळचीं ठेवावीं. उरलेल्या रकमेस कर्ज काढावें व सदनिकेच्या करारांत वहिनींचें नांव पहिलें घालावें. वहिनींनीं अद्याप होकार दिलेला नाहीं. तेथल्या स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या दिशेस आहे, एवढें मात्र त्यांनीं काल विचारलें.