घर सोडतांना

यवतमाळच्या बाजारपेठेंत दोन भागीदारांचें बिनसलें म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. दोघांच्या देखत माल मोजला जातो, खातीं तपासलीं जातात, देणें-येणें मांडलें जातें, चार जाणत्या माणसांस मध्यें घालून कागद होतो, आणि मगच ज्याचा तो आपल्या वाटेस लागतो. १९३२ चा भागीदारी कायदा ज्यानें कधीं उघडून पाहिला नाहीं, तो व्यापारीही ही रीत पाळतो. परंतु त्याच गृहस्थाच्या घरीं नवराबायकोचें बिनसलें, तर बाईच्या हातीं एक पिशवी, कडेवर मूल, आणि माहेरच्या गांवची शेवटची एस. टी. पंधरा-वीस वर्षांचा संसार. त्याची ना मोजदाद, ना यादी, ना पावती!

घटस्फोट असावा कीं नसावा, हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. तो कायद्यापुरता १९५५ सालीं मिटला, आणि पुष्कळ जातींत फारकतीची चाल त्याहून कितीतरी जुनी आहे. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. निकाल लागेपर्यंतच्या महिन्यांत, किंवा वर्षांत, घरांत राहावयाचें कोणी व बाहेर पडावयाचें कोणी?

एके काळीं हा प्रश्न अगदीं उलटा होता. १८८७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें रखमाबाईंस हुकूम केला कीं, नवऱ्याच्या घरीं जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. त्या बाणेदार बाईनें तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढें १९४६ च्या कायद्यानें हिंदु पत्नीस छळासारख्या कारणावरून वेगळें राहून पोटगी मागण्याचा हक्क दिला. १९४७ सालीं मुंबई इलाख्यांत घटस्फोटाचा कायदा झाला. मात्र आपला जिल्हा तेव्हां मध्यप्रांत व वऱ्हाडांत असल्यामुळें त्याचा लाभ इकडे पोंचला नाहीं. स्त्रीस घरांत कोंडण्याचे दिवस गेले. आतां तिला घराबाहेर काढण्याचे दिवस आले आहेत, आणि तें काम बहुधा कोर्टाचा हुकूम न घेतांच होतें. कोणी कुलूप बदलतो, कोणी वीज तोडवितो, कोणी किराण्याची उधारी बंद करवितो.

अशा वेळीं बाईच्या कानीं दोन सल्ले पडतात. एक म्हणतो, “उंबरा ओलांडलास कीं हक्क बुडाला, मार खा, पण हलूं नकोस.” दुसरा म्हणतो, “घर सासऱ्याच्या नांवावर आहे, तुझें काय आहे तेथें? नीघ.” हे दोन्ही सल्ले खोटे आहेत, आणि पहिला तर जिवावर बेतणारा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००६ च्या ऑक्टोबरांत अमलांत आला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांस लागू आहे. घर कोणाच्याही नांवावर असो, सामायिक घरांत राहण्याचा हक्क तो पत्नीस देतो, आणि कायद्याच्या रीतीवांचून तिला बाहेर काढतां येत नाहीं असें सांगतो. २००६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानें या हक्काचा अर्थ फार आंखूड केला होता. २०२० च्या निकालानें सासूसासऱ्यांच्या मालकीचें घरही सामायिक ठरूं शकतें असें स्पष्ट झालें. २०२२ सालीं त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, बाई प्रत्यक्ष त्या घरांत राहत नसली तरी हा हक्क तिला मागतां येतो. तेव्हां जीव वांचविण्यासाठीं जी बाहेर पडली, तिनें कांहीं गमावलें असें कोणीं समजूं नये. तिला परत घरांत घेण्याचा, दुसरें तशाच तोलाचें घर देण्याचा किंवा त्याचें भाडें भरण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट करूं शकतो.

सासूसासऱ्यांची बाजू आम्ही विसरलों नाहीं. म्हातारपणीं आपल्याच घरांत रोजची भांडणें ऐकणें ही शिक्षाच आहे. हा हक्क निरपवाद नाहीं, वृद्धांच्या शांततेचाही विचार झाला पाहिजे, असें २०२० च्या निकालांतच म्हटलें आहे. पण मग नवऱ्यानें बाहेर कां पडूं नये? त्याला दुकान आहे, मित्र आहेत, दोन खोल्या भाड्यानें सहज मिळतात. मुलांची शाळा मात्र जेथल्या तेथें राहते. तसा हुकूम पुरुषावर करतां येतो, स्त्रीवर नाहीं. आमच्या मतें मुलें लहान असतील तेथें हुकुमाची वाट न पाहतां नवऱ्यानेंच जावें. परस्परसंमतीच्या घटस्फोटास जें वर्षभर वेगळें राहावें लागतें, तें एका छपराखालीं राहूनही होऊं शकतें असें १९९१ च्या निकालांत आहे. परंतु तें ज्यांस साधतें त्यांनीं साधावें.

यवतमाळ, वणी, पुसद येथील घरमालकांस एक शब्द. भाड्याचें घरही सामायिक घरच आहे. भाडेकरू एकटा येऊन “खोली सोडतों, अनामत परत द्या” म्हणूं लागला, तर आंत त्याची बायको-मुलें आहेत काय, हें आधीं पाहावें. नवऱ्यानें घरावरील हक्क परस्पर सोडूं नये, असाही मनाई हुकूम निघतो.

हें सगळें राहण्यापुरतें झालें. मालकीचें काय? जिनें वीस हंगाम कापूस वेचला, तिच्या वेचणीचा पैसा ज्या भिंतींत गेला, त्या भिंतीवर तिचें नांव नसतें. घटस्फोटाच्या वेळीं पतीच्या स्थावरांत पत्नीस वाटा देणारें विधेयक २०१३ सालीं राज्यसभेंत मंजूर झालें, पण त्याचा कायदा झालाच नाहीं. गांवच्या घराची नोंद दोघांच्या नांवें करण्याचें राज्य शासनानें २००३ सालींच ठरविलें होतें. आपल्या ग्रामपंचायतींत नमुना ८ उघडून किती ओळींत दोन नांवें दिसतात, तें वाचकांनीं स्वतः पाहावें. संसार बरा चालला असतांनाच हें काम होतें. भांडण पेटल्यावर ग्रामपंचायतींत कोण जातो?

आणि जिला निघावयाचेंच आहे, तिनें शक्य तर दिवसाउजेडीं निघावें, सोबत दोन साक्षीदार असावेत. आंदणाचीं भांडीं, दागिने, लग्नांतले आहेर हें स्त्रीधन तिचें आहे. त्याची यादी दोन प्रतींत करावी व दोघांनीं सह्या कराव्यात. लग्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार, बँकेचें पुस्तक, मुलांचे शाळेचे कागद हे आधीं पिशवींत घालावेत, पातळें मागून. सही करावयास नवरा तयार नसेल, तर तीच यादी संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्जासोबत द्यावी. ही यादी लिहून देण्याच्या कामीं आमच्या व्यापारी वाचकांइतका तरबेज दुसरा कोण आहे? शेजारच्या घरांतून बोलावणें आलें, तर आपली पेन घेऊन जावें.