तिसरं महायुद्ध, पेण-रोहा मार्गे

व्हिडिओ गेम खेळून मुलं बिघडतात, हे मत मी आजवर निदान दोनशे माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे. ही दोनशेही माणसं सज्जन आहेत. त्यांतली बरीचशी संध्याकाळच्या दिवा-रोहा गाडीत असतात. पेण सुटलं की चपला काढून पाय समोरच्या बाकावर ठेवतात आणि नागोठणं येईपर्यंत एखाददुसरा देश बेचिराख करतात. पोरांच्या हातातल्या खोट्या तलवारीची यांना भयंकर काळजी. स्वतःच्या तोंडातल्या क्षेपणास्त्राची मुळीच नाही. माझं भांडण आहे ते इथं.

या दोनशेंचे सरसेनापती म्हणजे आमचे रोह्याचे मेहुणे. नोकरी पनवेलला, घर रोह्याला आणि लक्ष सदैव पश्चिम आशियाकडे. त्यांचा चिरंजीव, म्हणजे माझा भाचा, इंजिनिअरिंगला आहे. तो सुट्टीला घरी आला की कॉम्प्युटरसमोर बसून राक्षस मारतो. "ही हिंसा बघवत नाही," असं मेहुणे म्हणतात, आणि टीव्हीवर खऱ्या शहरावर पडणारे खरे बॉम्ब बघायला दुसऱ्या खोलीत जातात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाहिलाय त्यांनी हा परिच्छेद गाळावा. मेहुण्यांनी गाळू नये. खेळाचं नाव 'बाल्डर्स गेट थ्री'. बेल्जियमच्या लॅरियन नावाच्या कंपनीनं तो २०२३ साली काढला. त्याचं मूळ आहे १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर बसून खेळायच्या खेळात. चार जणांची टोळी असते. एखादा योद्धा, एखादा मांत्रिक, एक देवदेवस्की करणारी बाई, एक भुरटा चोर. लढाई जुंपली की कुणी कधी हात उचलायचा याचा क्रम लागतो. आपली पाळी आली की एक मोठं काम करता येतं, एखादं किरकोळ, आणि काही ठरावीक मीटर चालता येतं. वार बसला की हुकला हे वीस बाजूंचा फासा सांगतो. मग समोरच्याची पाळी. तोवर आपण गप्प.

"हा काय खेळ?" मेहुणे विचारतात. "शत्रू समोर उभा आहे आणि हा हनुवटीला हात लावून विचार करतोय! शत्रू थांबेल काय?"

भाऊजी, कुरुक्षेत्रावर थांबला होता. अठरा अक्षौहिणी सैन्य समोरासमोर उभं, शंख फुंकून झालेले, आणि मध्यभागी रथ लावून अठरा अध्याय, सातशे श्लोक. तेवढ्या वेळात कौरवांकडून एक बाण सुटला नाही. नंतर १९८८ साली दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचं महाभारत सुरू झालं, तेव्हा दर रविवारी सकाळी तुम्ही काय बघत होतात? एकानं बाण सोडायचा, तो आकाशात भरपूर वेळ जायचा, मग दुसऱ्यानं शांतपणे भात्यातून आपला काढायचा, दोघांची वर भेट व्हायची. कुणी कुणाची पाळी मोडलेली मला तरी आठवत नाही. फरक एवढाच की त्या वेळी आपण आंघोळ करून बसत होतो.

या खेळात 'फायरबॉल' नावाचा एक मंत्र आहे. आगीचा गोळा. लांबवर फेकता येतो आणि जिथं पडेल तिथं चार मीटर त्रिज्येच्या वर्तुळात जे कुणी असेल त्याला भाजून काढतो. जे कुणी म्हणजे जे कुणी. आपला चोर त्या वर्तुळात असेल तर तोही भाजला. खेळणाऱ्याला म्हणून गोळा टाकण्याआधी वर्तुळ नीट बघावं लागतं. भाचा वर्तुळ पुढे सरकवतो, मागे सरकवतो, उसासा टाकतो आणि गोळा रद्द करून साधा बाण मारतो. रोहा गाडीत मी आजवर निदान शंभर फायरबॉल पडताना पाहिलेत. वर्तुळात कोण उभं आहे, असं कुणी विचारलेलं पाहिलेलं नाही.

शिवाय शिधा. टोळीला पुरती विश्रांती घ्यायची तर शिध्याचे चाळीस गुण खर्ची पडतात. पाव, चीज, मासळी, जे मिळेल ते गोळा करावं लागतं. शिधा नसला तर जखमा तशाच घेऊन पुढे चला. सैन्य पोटावर चालतं हे इतिहासाच्या पुस्तकात वाचून मला कळलं नव्हतं तेवढं भाच्याला मढ्यांच्या पिशव्या चाचपताना बघून कळलं. आमच्या डब्यातल्या युद्धांत मात्र रसद, पैसा, जखमी, विधवा यांतलं काहीच लागत नाही. लागतात फक्त शेंगदाणे.

आता न्यायाची गोष्ट. मेहुण्यांचा प्रकार या खेळात अगदीच नाही असं नाही. शाहिराच्या जातीचं एक पात्र असतं, त्याला 'व्हिशस मॉकरी' नावाची विद्या येते. म्हणजे जहरी टोमणा. दुरून शत्रूला उद्देशून अपमानकारक बोलायचं, त्यानं त्याला खरोखर इजा होते. किती? सुरुवातीला चार बाजूंचा एक फासा. एक ते चार. कुत्रा चावला तर यापेक्षा जास्त लागतं. ज्यांनी हा खेळ रचला त्यांनी शब्दांच्या फटकाऱ्याची किंमत किती चोख ठरवली आहे बघा! हे कोष्टक वृत्तवाहिन्यांच्या चर्चागृहात लावायला हवं.

आता वाहिन्यांचा विषय निघालाच आहे तर मे २०२५ ची आठवण करून देतो. ८ तारखेच्या रात्री आमच्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उडवून टाकलं. सायरन वाजले, निवेदक उभे राहिले, नकाशावर ज्वाळा पेटल्या. आमच्या आळीत दोघांनी फटाके शोधले. सकाळी बंदर होतं तिथंच होतं. त्याच दिवसांत विमानं पाडल्याची, तोफांच्या माऱ्याची जी दृश्यं सीमेच्या दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फिरत होती त्यांतली काही चक्क 'आर्मा थ्री' नावाच्या व्हिडिओ गेममधली निघाली. या खेळाच्या चेक कंपनीला २०२२ सालीच, युक्रेनच्या वेळी, जाहीर सांगावं लागलं होतं की बाबांनो, ही आमच्या खेळातली चित्रं आहेत, यांना बातमी म्हणू नका.

आणि ती ओळखली कुणी? आमच्या घरात तरी भाच्यानं. मेहुण्यांनी मोठ्या अभिमानानं फोन पुढे केला. पोरानं दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, "बाबा, हा गेम आहे. धूर बघा ना." मेहुण्यांनी तोवर तो व्हिडिओ अकरा जणांना पाठवला होता. आता खेळ आणि युद्ध यांतला फरक कुणाला कळत नाही, याचा निकाल मी वाचकांवर सोडतो.

मी सगळ्याच गेमांचा वकील नाही. ज्यात काही विचार न करता नुसतं धडाधड गोळ्या घालायच्या असतात ते प्रकार मला आवडत नाहीत, आणि पैसे लावून खेळायचे तर त्याहून नाहीत. पण २०२० साली गलवानला आपले वीस जवान गेले आणि सप्टेंबरात सरकारनं ११८ ॲप बंद केली, त्यात पब्जी गेलं, तेव्हा मेहुण्यांना झालेला आनंद मला कळला नव्हता. "चीनची जिरली," म्हणाले. पोरगं बिचारं तेव्हा दहावीत. त्यानं मुकाट्यानं फोनवरून ते काढून टाकलं. आमच्या सबंध घराण्यात त्या युद्धासाठी कुणी काही सोडलं असेल तर त्या मुलानं. मेहुण्यांनी चहासुद्धा सोडला नाही. पुढच्या वर्षी तोच खेळ दुसऱ्या नावानं परत आला, ते वेगळं.

"हे सगळं परदेशी खूळ," हा मेहुण्यांचा पुढचा बाण. म्हणून सांगतो, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, आणि तिच्या हातात दुर्गेनं दिलेलं त्रिशूळ. त्याआधी २०१७ साली लोकांकडून पैसे गोळा करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. आपण वर्गणी देतो ती गणपतीला आणि विजयी मिरवणुकीला, तर ते असो.

लढाईचा खेळ हे पोरकट लोकांचं काम नव्हे, हेही एकदा सांगून टाकतो. १८२४ च्या सुमारास प्रशियात राइसविट्झ नावाच्या एका लेफ्टनंटानं सैन्याधिकाऱ्यांसाठी असाच एक फाशांचा खेळ तयार केला. नकाशा, ठोकळे, आणि मध्ये एक पंच. गंमत या पंचात होती. खऱ्या रणात अधिकाऱ्याला जेवढं दिसलं असतं तेवढंच तो सांगायचा. टेकडीपलीकडे काय आहे? ठाऊक नाही. निरोप पोचला का? अजून नाही. म्हणजे सेनापतीला पहिला धडा काय, तर तुला सगळं माहीत नाही. रोहा गाडीत असा एक पंच रेल्वेनं नेमला तर तिकिटात दोन रुपये वाढ झाली तरी मी देईन.

कारण टेकडीपलीकडे माणसं असतात. कधी तर त्याच डब्यात असतात. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. डिसेंबरात 'केम प्लूटो' नावाच्या जहाजावर आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर ड्रोन येऊन आदळलं. त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. सुदैवानं सगळे वाचले. त्या आठवड्यात आमच्या डब्यात युद्ध अगदी रंगात आलं होतं. कुणी सुएझ बंद करत होतं, कुणी येमेन नकाशावरून पुसत होतं. खिडकीशी एक बाई बसल्या होत्या, कासूला उतरणाऱ्या. मांडीवर भाजीची पिशवी. त्यांचा मुलगा जहाजावर असतो हे मला ठाऊक होतं, डब्याला नव्हतं. "एकदाच काय तो भडका उडू दे, म्हणजे कटकट मिटेल," असं कुणीतरी म्हणालं. बाईंनी पिशवीतली कोथिंबीर बाहेर काढली आणि निवडायला घेतली. गाडी हलत होती, काड्या खाली पडत होत्या. कासू आलं, त्या उतरल्या.

आमच्या पेणचं म्हणाल तर जगाचं राजकारण आमच्या दारातूनच जातं. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतले गणपती परदेशी जातात ते बोटीनं, महिनोन् महिने आधी. सुएझ सोडून बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या तेव्हा बाप्पांनाही केप ऑफ गुड होप बघावं लागलं. पुढे अमेरिकेनं आपल्या मालावर पन्नास टक्के कर लावला, तो लागू झाला २७ ऑगस्ट २०२५ ला. नेमकी गणेश चतुर्थी! मूर्ती आधीच पोचल्या होत्या म्हणून निभावलं. पुढच्या ऑर्डरीचं काय, ही चिंता मूर्तीला डोळे काढणाऱ्या कारागिराला. मत मात्र नेहमी दुसऱ्याचं.

आणि मत देऊ नये असं कुठं म्हणतोय मी? रोह्याच्या माणसानं जगाबद्दल मत दिल्याचा थोर दाखला आहे. चिंतामणराव देशमुख. बालपण बरंचसं रोह्यात. १९४४ साली ब्रेटन वुड्सला जगाच्या पैशाची घडी बसवायला जी मंडळी जमली त्यांत हे होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून. आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देण्याचं घाटत होतं तेव्हा त्यांनी मत दिलं, आणि मताबरोबर देशाच्या अर्थमंत्रिपदाचा राजीनामाही दिला. याला म्हणतात टर्न खेळणं. एक पाळी, एक काम, आणि त्याची किंमत आपल्या खात्यातून वजा. आम्ही मात्र पळस्पे ते इंदापूर रस्ता, जो २०११ साली रुंद करायला घेतला आणि २०२५ च्या गणपतीपर्यंत ज्याचं रडगाणं चालूच होतं, त्याबद्दल एक साधा अर्ज करत नाही. अर्जाला कागद लागतो, सही लागते, साहेबाच्या दारात उभं राहावं लागतं. इराणला काही लागत नाही.

म्हणून मी मेहुण्यांना सरळ आव्हान दिलं, की बसा त्या खुर्चीवर आणि एक लढाई जिंकून दाखवा. गेल्या दिवाळीत ते बसले. पहिल्याच पाळीला, अर्थातच, फायरबॉल. दोन राक्षस भाजले आणि त्यांच्याजवळ उभी असलेली आपली देवदेवस्कीवाली बाई जागीच गेली. मेहुणे हबकले.

"ही आपली होती?"

"हो बाबा."

"मग आता?"

"तळावर विदर्स नावाचा एक सांगाडा असतो. दोनशे मोहरा दिल्या की परत आणतो."

मेहुण्यांनी दोनशे मोहरा मोजल्या, पण स्वतःच्या पगारातून गेल्यासारखं तोंड करून. त्यानंतरच्या लढाईत एका पाळीला त्यांनी मोजून अकरा मिनिटं घेतली. वर्तुळ पुढे सरकवलं, मागे सरकवलं. ताई तीनदा जेवायला हाक मारून गेली. चौथ्यांदा ती दारात उभी राहिली.

"थांब गं," मेहुणे पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "समोर पाच जण आहेत, माझ्याकडे बाण एकच आहे, आणि ते माझ्याशी बोलायला तयार आहेत असं हा म्हणतोय."

"मग त्यांनाही घेऊन या," ताई म्हणाली. "बिरडं भरपूर केलंय."